मागचा दिवा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटायची नाही त्यानं इथंच थांबावं. मी कुणाच्या पाया पडणार नाही.

चार इयत्ता शिकलेली बाई मी. रचून सांगायला डोकं लागतं आणि वेळ लागतो, माझ्याकडं दोन्ही नाही. माझ्या धाकट्या भावानं, पंढरीनं, समोर बसून जे सांगितलं आणि शेवटचं जे माझ्या कानांनी ऐकलं, तेवढंच लिहिते.

साल दोन हजार तेवीस. आषाढ. गाव उमरोळी, पालघर आणि बोईसरच्या मधलं. आणि रात्र नाही...

भर दुपार. तीन वाजून दहा मिनिटं.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. त्यांना घड्याळ कुणी दिलं?

आम्ही मूळचे जालन्याकडचे. आई गेली तेव्हा पंढरी सहा वर्षांचा होता, त्याला मीच वाढवलं. बोईसरच्या एका कारखान्यात त्यानं चौतीस वर्षं वायरमनकी केली. साहेबाला घाबरला नाही इतका माझ्या जिभेला घाबरायचा. साठी उलटली तरी घाबरायचा.

नोकरी संपल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. पंढरीनं आगगाडीचा नाद धरला. मागच्या खोलीत दोन टेबलांवर जुन्या दाराची फळी टाकली. तिच्यावर बोटभर रुंदीचे रूळ गोल बसवले. बाजूला एक काळा डबा, त्याला एक कळ. कळ उजवीकडं फिरवली की गाडी पुढं. डावीकडं फिरवली की मागं.

"नातवंडं नाहीत ना घरात," त्याची बायको पुष्पलता म्हणायची, "म्हणून हेच नातू झालेत."

पुष्पलता अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी वाटून, भांडी घासून तीनच्या सुमाराला घरी यायची. पावसाळ्यात रस्त्यानं गुडघाभर चिखल, म्हणून ती जुन्या सायडिंगवरून यायची. एका बंद पडलेल्या कारखान्याचे रूळ आहेत तिथं, गवतात बुडालेले. गेली पंधरा वर्षं त्यांच्यावरून चाक फिरलेलं नाही. पण खडी असल्यानं पाय कोरडे राहतात. आसपासच्या सगळ्याच बाया तिथून ये-जा करतात.

हे लक्षात ठेवा.

पालघरला हितेश म्हणून एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा आहे. त्यानं पंढरीला सांगितलं, मासवणला एका घरी हातानं बनवलेलं खेळण्यातलं डिझेल इंजिन आहे, वीतभर लांब, आणि घरच्यांना ते ठेवायचं नाही.

पंढरी दुसऱ्याच दिवशी मासवणला.

घर नागोराव नावाच्या इंजिन ड्रायव्हरचं. तो वारून वर्ष झालं होतं. त्याची बायको रत्नाबाई, मुलीकडं नाशिकला कायमची चालली होती. सामान बांधून पडलं होतं. तिनं जुन्या धोतरात गुंडाळलेलं इंजिन बाहेर काढलं आणि नवऱ्याच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून चालवून दाखवलं.

पंढरीच्या तोंडाला पाणी सुटलं. पत्रा कापून, कानशीनं घासून, एकेक रिव्हेट बसवलेलं काम! पायऱ्या, कठडे, ड्रायव्हरची खिडकी, सगळं जिथल्या तिथं.

एकच खोट होती. इंजिन पुढं जावो की मागं, दोन्ही टोकांचे दिवे पेटलेलेच राहायचे.

"हे चुकलंय बघा," पंढरी म्हणाला. "जिकडं जायचं तिकडचाच दिवा लागायला पाहिजे."

रत्नाबाईनं इंजिन उचलून पुन्हा धोतरात गुंडाळलं.

"न्यायचं तर न्या भाऊ. पण दिव्यांना हात लावू नका. दोन्हीकडं पेटतात, तसेच पेटू द्या."

"अहो वहिनी, मी चौतीस वर्षं..."

"असाल. पण हात लावू नका."

पंढरीनं मान डोलावली. पुरुषांची मान डोलते तेव्हा ऐकलेलं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरी खरं सांगते, त्यानं महिनाभर दिव्यांना हात लावला नाही. लावायला लावला तो मी.

गुडघ्यांच्या औषधासाठी मी त्याच्याकडं आठ दिवस राहायला गेले होते. त्यानं मोठ्या हौसेनं मागच्या खोलीत खुर्ची मांडली, मला बसवलं आणि इंजिन फिरवून दाखवलं. मी दोन फेऱ्या बघितलं.

"पंढऱ्या, हे येतंय का जातंय?"

"म्हणजे?"

"दोन्हीकडून डोळे वटारलेत त्यानं. तोंड कुठलं आणि ढुंगण कुठलं कसं कळायचं? चौतीस वर्षं वायरमन म्हणून मिरवलास आणि घरातले दोन दिवे तुला ऐकत नाहीत?"

पुष्पलता दारात उभी राहून हसली. पंढरीचे कान लाल झाले.

"अक्का, ते तसंच राहू द्या म्हणाली ती बाई."

"बाई म्हणाली! मग तू कशाला आहेस? हळदीकुंकू लावायला?"

एवढंच बोलले मी. एवढंच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवण झाल्यावर पंढरीनं खोलीचं दार लावून घेतलं. दिवे तपासायचे म्हणून खिडकीवर घोंगडी टांगली. खोलीत अंधार गुडुप. टेबलावरचा एक लहानसा लॅम्प तेवढा चालू.

चार बारीक स्क्रू काढून त्यानं इंजिनाचं टोपण उचललं. आत गव्हाच्या दाण्याएवढे दोन बल्ब, सरळ रुळाच्या विजेला जोडलेले. म्हणून तर दोन्ही कायम पेटायचे. त्यानं ते कापून काढले आणि कचऱ्यात टाकले. त्यांच्या जागी नवे दिवे घातले, एका बाजूची वीज आली की एकच पेटेल असे. पुढं निघालं की पुढचा. मागं निघालं की मागचा.

टेबलावर तपासलं. पुढचा पेटला. वायरी उलट्या धरल्या. मागचा पेटला.

टोपण लावलं, इंजिन रुळावर ठेवलं, लॅम्प विझवला.

कळ उजवीकडं. पुढचा दिवा लखलखला, इंजिन निघालं. पंढरी खूश.

कळ डावीकडं...

पुढचा दिवा विझला. मागचा पेटलाच नाही.

इंजिन मात्र मागं येत होतं. अंधारात दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. खर्र... खर्र... खर्र...

आणि खिडकीबाहेरून कुणीतरी म्हणालं,

"येव दे... येव दे..."

शेजारी बबलूचा टेम्पो असतो. तो मागं घेताना पोरं ओरडतातच. पंढरीनं लक्ष दिलं नाही. कळ बंद केली, टोपण उघडलं, वायर बघितली. जोड पक्का. टेबलावर पुन्हा लावलं...

मागचा दिवा पेटला.

रुळावर ठेवलं. विझला.

तीन वेळा असं झालं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात आलं की बबलूचा टेम्पो तर सकाळीच मनोरला गेलाय.

त्यानं घोंगडी बाजूला करून बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. पावसाचं पाणी साचलं होतं, त्यावर एक थेंबही पडत नव्हता.

मला तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी हसले असते, म्हणून नाही बोलला.

बुधवारी तीनच्या सुमाराला त्यानं मागच्या टोकाला कोरा दिवा घातला. मीटर लावून बघितलं. मीटर म्हणे सगळं ठीक. वायर खोटं बोलत नाही, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. त्या दिवशी वायर तोंडावर खोटं बोलत होती.

कळ डावीकडं...

अंधार. खर्र... खर्र...

"येव दे... येव दे..."

आवाज खिडकीबाहेर नव्हता.

खोलीत होता. फळीच्या त्या टोकाला. कुणीतरी रुळांच्या शेजारी उभं राहून बोलावं तसा. शांत, रोजचं काम करणाऱ्या माणसाचा आवाज.

"येव दे... आजून येव दे..."

गाडी मागं घेताना मागं उभा असलेला माणूस काय करतो? येऊ दे, येऊ दे म्हणतो आणि शेवटी म्हणतो, बास. लहान पोरालाही ठाऊक आहे.

पंढरी त्या 'बास'ची वाट बघत उभा राहिला. हात कळीवर.

बास आलंच नाही.

आवाज मध्येच थांबला. कात्रीनं कापावा तसा. इंजिनही आपोआप थांबलं. खोलीत जळक्या डिझेलचा वास पसरला. या इंजिनात डिझेलचा थेंब नसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्या संध्याकाळी पुष्पलता भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही दुपारी सायडिंगवर आला होतात का हो?"

"मी? नाही. का?"

"मागं खडी वाजत होती. वळून बघितलं तर कुणी नाही. डिझेलचा वास मात्र असा, की अजून नाकात आहे."

पंढरीनं घास खाली ठेवला.

"किती वाजता?"

"येते तेव्हाच की. तीनला."

"उद्या रस्त्यानं ये."

"आणि चिखलात तुमचं इंजिन बोलावू का ओढायला?" ती हसली. मीही हसले. आम्ही दोघी हसलो तो शेवटचा दिवस.

गुरुवारी जेवण अर्धं टाकून पंढरी मासवणला गेला. रत्नाबाई अजून होती, जाणं लांबलं होतं, नाशिकची गाडी शनिवारची होती. तो ओट्यावर बसण्याआधीच ती म्हणाली,

"दिवे बदललेत ना?"

पंढरीनं मान खाली घातली.

"काय बोलतो तो? येव दे म्हणतो?"

"कोण आहे तो वहिनी?"

तिनं आत जाऊन पाणी आणलं. मग सांगितलं.

नागोराव त्या सायडिंगवरचं डिझेल इंजिन चालवायचा. त्याच बंद पडलेल्या कारखान्याच्या. वॅगन जोडायला चिंधू नावाचा माणूस होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा. इंजिन मागं घ्यायचं असलं की चिंधू मागं उभा राहून हाक द्यायचा आणि नागोराव त्या हाकेवर इंजिन आणायचा. बारा वर्षं दोघांनी असं काम केलं. एकमेकांचा डबा खाल्ला.

इंजिनाचा मागचा दिवा आठ दिवस बंद होता. नागोराव रोज म्हणायचा, उद्या बल्ब टाकतो. आषाढातली दुपार, शेडमध्ये आत अंधार, वर पत्र्यावर पावसाचा धडधडाट. चिंधू म्हणत गेला, येव दे, येव दे. नागोराव 'बास'ची वाट बघत इंजिन आणत गेला.

"बास कुणी म्हणायचं भाऊ? म्हणणारा तर इंजिन आणि वॅगनच्या मध्ये होता."

पंढरीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्यानंतर यांनी इंजिनाला हात लावला नाही. पण रोज दुपारी तीनला यांना हाक ऐकू यायची. घरात, शेतात, देवळात. मग हे बनवायला बसले. दोन वर्षं लागली. दोन्हीकडं दिवा, इंजिन कुठंही निघो, विझायचा नाही असा. ज्या दिवशी तो पेटवला त्या दिवशी हाक थांबली. मागं उजेड असला की तो गप्प असतो."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंत?"

पंढरी उठला. जाता जाता त्यानं विचारलं, "दुसऱ्या कुणाला काही करतो का तो?"

रत्नाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"तो काही करत नाही हो. तो नुसता बोलावतो. येतं ते इंजिन येतं."

मासवणच्या नाक्यावर पंढरीनं घड्याळ बघितलं. तीन वाजून सहा मिनिटं. पुष्पलताचा फोन लावला. तो नेहमीसारखा घरीच चार्जिंगला होता, माझ्या उशाशी. मीच उचलला.

"अक्का! पुष्पा आली?"

"येईल आता. ओरडतोस कशाला?"

"अक्का, ऐक. मागच्या खोलीत जा. फोन चालूच ठेव. इंजिनाच्या मागच्या टोकाशी उजेड धर. निरांजन घे, काहीही घे, पण मागं उजेड धर!"

इथून पुढं तो सांगतो ते, फोनच्या त्या टोकाचं.

त्यानं ऐकलं, त्याची अक्का हसली.

"काय रे, इंजिनाला ओवाळू? पाच सवाष्णी बोलावू का? ओटी कुणाची भरायची, त्याची का तुझी?"

"अक्का, पाया पडतो, आत्ता जा!"

"जाते रे बाबा, गुडघे आहेत का चाकं?"

चपला घासत गेल्याचा आवाज. काडेपेटी. एक काडी मोडली. दुसरी पेटली. मग दार करकरलं.

मग अक्काचं बोलणं बंद झालं...

जन्मात कधी बंद न झालेलं तिचं बोलणं बंद झालं, तेव्हा पंढरीनं फोन कानावर दाबून धरला.

फोनमधून आवाज आला. खर्र... खर्र... खर्र...

आणि त्यावर, अगदी जवळून,

"येव दे... येव दे... आजून येव दे..."

"अक्का!" पंढरी नाक्यावर उभा राहून किंचाळला. "बास म्हण! अक्का, बास म्हण!"

तिथल्या इको गाडीत बसलेली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी त्याचा दंड धरला. तो ओरडतच होता.

फोनमध्ये कुणी बास म्हणालं नाही.

ठप्.

आणि मग काहीच नाही.

आता या टोकाचं ऐका.

पंढरीचं ओरडणं माझ्यापर्यंत आलंच नाही. फोन कानाला होता, आत नुसता पाऊस वाजत होता. बाहेर पाऊस नव्हता.

खोलीत घोंगडी तशीच टांगलेली. इंजिन मागं मागं येत होतं. पिन भिंतीतून काढून ठेवलेली, वायर लोंबत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. हातात निरांजन होतं, ज्योत चांगली बोटभर होती. पण फळीच्या त्या टोकावर तिचा उजेड पडत नव्हता. पडतच नव्हता.

आणि तिथून तो बोलावत होता.

काय करायचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. येऊ दे म्हणणाऱ्याच्या पुढं काय म्हणतात, ते मला येत होतं. जन्मभर मी हेच तर म्हणत आले. नवऱ्याला बास, लेकाला बास, सुनेला बास, भाव करणाऱ्या कोळणीला बास. गावात माझ्या 'बास'पुढं कुणी अक्षर बोललेलं नाही.

तोंड उघडलं मी. जीभ टाळूला लागली ती सुटेना.

एक शब्द. दोन अक्षरांचा.

इंजिन जिथं ठप् झालं तिथं फळीवर काहीच नव्हतं. मोकळा रूळ. ते तिथं कशावर तरी आपटलं आणि कलंडलं.

पुष्पलता गवत आणणाऱ्या बायांना सापडली. सायडिंगच्या रुळांच्या मधोमध. अंगावर चिखल नाही, रक्त नाही. छातीच्या फासळ्या मात्र दोन्ही बाजूंनी मोडलेल्या, पुढूनही आणि मागूनही. डॉक्टरांनी लिहिलं, खडीवर पडून. पडलेल्या माणसाच्या पाठीच्या आणि छातीच्या फासळ्या एकदम कशा मोडतात, हे मी त्यांना विचारलं. ते दुसऱ्या पेशंटकडं गेले.

अकरा दिवस ती होती. बोलली एकदाच.

नवव्या दिवशी मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत होते. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी सोसला असता.

"अक्का," ती म्हणाली, "मी थांबले होते हो."

"कुठं गं?"

"रुळात. मागून येत होतं. पाय निघेनात... पण मला वाटलं, तुम्ही आहात ना तिथं."

मग अगदी बारीक आवाजात,

"बास का नाही म्हणालात?"

मी कुठं होते आणि ती कुठं होती! मधे दोन शेतं, एक ओढा. मी त्या खोलीत होते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पंढरीला विचारलं, त्यानंही नाही. मी तर त्याबद्दल कुणापाशी बोललेच नव्हते.

आता मी पंढरीकडंच राहते. त्यानं इंजिनात पुन्हा दोन बल्ब घातलेत, सरळ जोडून. इंजिन रुळावरून काढून खिळ्यांनी फळीला ठोकलंय. ते हलत नाही. दिवे तेवढे पेटतात, रात्रंदिवस, दोन्हीकडं. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर घेतलाय. तेव्हापासून हाक नाही.

माणसं विचारतात, फेकून का देत नाही? मी म्हणते, घेऊन जाता का? मग विचारत नाहीत.

शुक्रवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट घालवतात. आज शुक्रवार आहे. सकाळी नऊला गेलेली अजून आली नाही. पंढरी नवी बॅटरी आणायला पालघरला गेलाय. इन्व्हर्टर दोनदा कोकलून गप्प बसला, बॅटरीत थोडीशीच धुगधुगी उरलीय.

मागच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलंय. उंबऱ्यात बसून हे लिहिते आहे. पुढचा दिवा अजून आहे, लालसर.

मागचा इथून दिसत नाही.

तीन वाजायला आलेत. तो एक शब्द मी सकाळपासून तोंडात धरून बसले आहे. थुंकीसुद्धा गिळलेली नाही.

या वेळी सुटेल की नाही, माहीत नाही.